ऑक्सफर्ड की केंब्रिज? लंडनला शिकणाऱ्या दापोलीकरासाठी

आमच्या दापोलीकडची जी पोरं लंडनला शिकायला जातात, त्यांचा एक प्रश्न ठरलेला: एकच दिवस मोकळा आहे, ऑक्सफर्ड करू की केंब्रिज?

ट्रेनने दोन्ही साधारण तासाभरावर. पॅडिंग्टनहून ऑक्सफर्ड, किंग्ज क्रॉसहून केंब्रिज. ऑक्सफर्डला व्हिक्टोरियाहून बसही आहे, ती बहुधा स्वस्त पडते. स्टेशनाबाहेर आलं की गाव जवळच. केंब्रिजला मात्र गावात पोचेपर्यंत चांगलीच तंगडतोड. पावसाची चिन्हं असतील तर ऑक्सफर्डचं ॲशमोलियन बरं. १६८३ पासूनचं संग्रहालय, तेही फुकट.

तरी माझं मत केंब्रिजला. आपल्या मुर्डीचे रँग्लर परांजपे तिथल्या सेंट जॉन्स कॉलेजचे. १८९९ साली गणितात सिनियर रँग्लर, म्हणजे पदवी परीक्षेत पहिल्या नंबराचे, झालेले पहिले भारतीय! दापोलीकराने त्या दरवाजासमोर फोटो काढला नाही, तर घरचे सोडतील का? थोडं पुढे किंग्ज कॉलेजचं चॅपल, म्हणजे प्रार्थनामंदिर. १४४६ ला पाया घातला, दगडी काम १५१५ ला संपलं. तिकीट लागतं, पण छताची ती पंख्यासारखी उघडलेली दगडी नक्षी बघताना मान दुखली तरी चालेल.

पंट, म्हणजे सपाट बुडाची होडी, दोन्हीकडे मिळते. वल्ही नाहीत, लांब काठी तळाला रोवून ढकलायचं. केंब्रिजला मागच्या फळीवर उभं राहतात, ऑक्सफर्डला उलट्या टोकाला, होडीच्या आत. खाडीत होडी हाकलेल्यांनी भाड्याचा नावाडी घेऊ नये, उगाच पैसे जातात.

परीक्षांच्या दिवसांत बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात. आधी वेबसाइट बघा, मगच तिकीट काढा.