श्रीखंड फॉन्ट : कोकमाच्या लेबलांवर दहा महिने

वेंगुर्ल्यात आमचा घरगुती उद्योग आहे. कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी आणि उन्हाळ्यात हापूसच्या पेट्या. जानेवारीत लेबलं बदलायला घेतली तेव्हापासून श्रीखंड हा फॉन्ट वापरतेय. जॉनी पिनहॉर्न यांनी घडवलेला, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा. परवाना खुला आहे, त्यामुळे विकायच्या मालावरही बिनधास्त छापता येतो. जाडजूड, गोलाईची, उजवीकडे झुकलेली अक्षरं. इंग्रजीत 'कोकम' टाइप केलं आणि तो शब्द पातेल्यातून ओतल्यासारखा दिसला. मला तिथेच आवडला.

नावावरून गैरसमज होतो, म्हणून आधीच सांगते: यात रोमन आणि गुजराती लिपी आहे, देवनागरी नाही. मराठी टाइप केलं की संगणक आपल्या मनाने दुसराच फॉन्ट लावतो. म्हणून मी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' हा देवनागरी फॉन्ट घेतला आणि सॉफ्टवेअरमध्ये तिरका केला. मोदक सरळ उभा फार गोड दिसतो, पण ओढून तिरका केल्यावर 'क'चं पोट चेपलं, गोलाईतली जाडी एका बाजूला गोळा झाली. दोष मोदकाचा नाही. कुठलंही अक्षर असं ओढलं की बिघडतंच.

शेवटी होड्यांवर नावं रंगवणाऱ्या पेंटरकाकांकडे गेले. श्रीखंडमधला इंग्रजी शब्द मोठा छापून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "रेघ आडवीच रवांदे गो, दांडे तेवढे कलवूया." तेच खरं. गुजराती अक्षरांना शिरोरेघ नसते, ती मोकळी झुकतात. आपली अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांसारखी: खाऱ्या वाऱ्याने कापड कलतं, दोरी जागची हलत नाही. काकांनी 'कोकम'चे दांडे एका मापात कलवले, पोटं मात्र प्रत्येक अक्षराची वेगळी भरली. तो कागद स्कॅन करून श्रीखंडशेजारी बसवला. दोन लिप्या सख्ख्या बहिणी वाटतात.

छपाईत धडा मिळाला तो आंब्याच्या पेट्यांवर. नालीदार पुठ्ठ्यावर शाई पसरते, आणि या फॉन्टच्या अक्षरांमधली भोकं मुळातच लहान. दोन सेंटिमीटर उंचीत 'अल्फान्सो'मधली भोकं बुजली, अख्खी पहिली खेप डागासारखी दिसली. पाच सेंटिमीटर केल्यावर लांबूनही वाचता येऊ लागलं. गुळगुळीत लेबलावर मात्र १८ पॉइंटपर्यंत निभावतं, त्याखाली नको. सगळी कॅपिटल अक्षरंही नकोत, झुकण्यातली लय तुटते. जाडी एकच आहे, म्हणून घटक पदार्थ, वजन, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ अंकी क्रमांक हे सगळं साध्या फॉन्टमध्येच ठेवा. एका लेबलावर श्रीखंडमधला एकच शब्द, फार तर दोन.

आणि छापखान्यात फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकृत्यांत बदलून द्या. आम्ही एकदा विसरलो, तर आंबापोळीच्या लेबलावर भलताच फॉन्ट छापून आला.

पुण्याच्या एका प्रदर्शनात लोक लांबून "कोकम आहे ना?" म्हणत थेट आमच्या टेबलाशी आले. याआधी जवळ बोलावून सांगावं लागायचं. आता दिवाळीच्या डब्यांसाठी 'करंजी' आणि 'चिरोटे' काकांकडे रंगवायला दिलेत.