बिनआवाजाचं घड्याळ: आठ महिने वापरल्यावर

दसऱ्याला जळगावहून बैठकीच्या खोलीसाठी ८५० रुपयांचं घड्याळ आणलं. नानांची झोप हलकी, म्हणून टकटक न करता सरसर फिरणाऱ्या काट्याचं मुद्दाम निवडलं. आकडे ठळक आहेत, काच चांगली आहे. माझं म्हणणं त्यात घालायच्या सेलबद्दल आहे.

सोबत आलेला सेल डिसेंबरात संपला. दुसरा मार्चपर्यंत पुरला. स्वयंपाकघरातल्या जुन्या घड्याळाला तसलाच सेल वर्षभर सहज जातो.

बरं, एकदम बंद पडलं असतं तर लगेच कळलं असतं. हे आधी मागे पडतं. मार्चमध्ये एका सकाळी त्यात सात-पाच झाले होते, मोबाइलमध्ये सात-सत्तावीस. भुसावळहून जळगावची माझी रोजची गाडी चुकली. त्याचं एवढं नाही, पण नाना त्याच घड्याळावर इन्सुलिन घेतात. त्या दिवशी मी खरंच घाबरलो.

शेवटी शेवटी सेकंद काटा नवापाशी येऊन थरथरत राहतो. तिथे काटा आडवा असतो, वर उचलायला सगळ्यात जास्त जोर लागतो आणि उतरलेल्या सेलला तेवढा जमत नाही. आता भिंतीकडे पाहिलं की माझी नजर आधी नवावर जाते. आईसुद्धा तेच बघते आणि आतूनच विचारते, "घड्याय परत बंद पडनं का रे?"

मग महागाचा अल्कलाइन सेल टाकला. तो मेमध्ये गळाला. पांढरी भुकटी, पत्रा हिरवा. दुकानात गेलो तर वर्षाची वॉरंटी दाखवूनही उत्तर एकच, "सेल गळाला तर आमच्याकडे येत नाही." मी तासभर भांडलो. सेल दर तीन महिन्यांनी का संपतो, याचं उत्तर कोणी दिलं नाही.

तोवर मी उन्हालाच दोष देत होतो. भिंत पश्चिमेची, पारा ४५ वर, रात्री अकराला हात लावला तरी गरम. उन्हाने सेल लवकर उतरतो आणि गळतोही, हे खरं. पण वेळ? आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि २५ अंशांच्या आसपास सगळ्यात अचूक असतो. ४५ अंशांत दिवसभर राहिला तरी सेकंद-सव्वा सेकंदच मागे पडेल. बावीस मिनिटं त्यात बसत नाहीत, आणि ती तर मार्चमधली होती.

उत्तर बाजारातल्या घड्याळवाल्या भाऊंनी दिलं. टकटकणाऱ्या मशीनला सेकंदाला एकदाच झटका लागतो, सरसर काट्याच्या मोटरला सतत. सेल खाणार ते तिथेच. त्यांनी कापसाच्या काडीला लिंबाचा रस लावून पत्रा पुसून पाहिला, पण आतलं गेलेलंच होतं. १२० रुपयांत साधं मशीन बसवून दिलं. मी सेकंद काटा काढूनच टाकायला सांगितला, तेवढंच ओझं कमी. घड्याळही पूर्वेच्या भिंतीवर, कूलरच्या ओल्या वाऱ्यापासून लांब लावलं.

म्हणजे ९७० रुपये आणि वर सेलचे वेगळे. घरात वेळेवर औषध घेणारं कोणी असेल तर सरसर काट्याचं घेऊ नका, आणि घेतलंच असेल तर दर दोन महिन्यांनी सेल बदला, काटा थरथरायची वाट पाहू नका. नव्या मशीनची टकटक नानांना पहिले दोन दिवस ऐकू आली. तिसऱ्या दिवशी ते साडेसातला स्वतःहून उठून बसले होते.