एका बल्बावर इन्व्हर्टर पारखू नका

मार्चमध्ये, उन्हाळ्याची मागणी सुरू होण्याआधी, मी एका व्यापाऱ्याकडून ८५० व्हीए क्षमतेचे चार वापरलेले इन्व्हर्टर प्रत्येकी २,८०० रुपयांना घेतले. त्याने प्रत्येकाला बॅटरी जोडून एलईडी बल्ब लावून दाखवला, मीटरवर २२० व्होल्ट दाखवले आणि तेवढ्यावर विश्वास ठेवून मी ते दुकानात विकायला ठेवले.

पहिला इन्व्हर्टर आमच्याच गल्लीतील एका आजींच्या घरी बसवला. वीज गेली तेव्हा दोन पंखे, टीव्ही आणि दिवे त्यावर चालू होते, आणि दहा मिनिटांत आतून धूर येऊ लागला. त्यांच्या नातवाने बटण बंद केले तरी धूर थांबेना; मी धावत जाऊन बॅटरीचा बोल्ट सोडवला, तोवर लाल वायरीचे आवरण वितळून बोटाला चिकटत होते.

दुकानात आणून झाकण उघडल्यावर सारे कळले. हीटसिंकवर, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्टीवर, आठ मॉसफेटच्या (बॅटरीचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) जागा होत्या, पण मॉसफेट चारच. बाकीच्यांचे पाय कापून तिथली काजळी पुसून टाकलेली होती. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली होती, म्हणूनच शॉर्ट झाल्यावरही बॅटरीचा प्रवाह तुटला नाही. नऊ वॉटच्या बल्बाला १२ व्होल्टच्या बॅटरीतून जेमतेम एक-दोन अँपिअर लागतात, पाचशे वॉटला सुमारे पन्नास. निम्म्या मॉसफेटवर पहिले चालते, दुसरे चालत नाही.

आता मी जुने यंत्र आधी उघडून पाहतो. त्यापूर्वी मेन आणि बॅटरी दोन्ही काढतो. मोठ्या ऑनलाइन यूपीएसमध्ये (सतत इन्व्हर्टरमधूनच वीज देणाऱ्या यंत्रात) तर बंद केल्यावरही कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, काही शे व्होल्ट टिकून राहतात, ते मीटरने तपासल्याशिवाय आत हात घालणे जिवावर बेतू शकते. योग्य फ्यूज बसवून पहिला मेन सप्लाय शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बाच्या सिरीजमधून देतो. बल्ब पूर्ण तेजाने पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे असे धरतो. नंतर असेच पाच बल्ब लोड म्हणून लावून यंत्र अर्धा तास बॅटरीवर चालवतो आणि बॅटरीचे व्होल्टेजही पाहत राहतो, कारण ते १०.५ व्होल्टच्या खाली गेले तर दोष बॅटरीचा असू शकतो. शेवटी चार्जिंग, आणि प्लगच्या अर्थ पिनपासून पेटीपर्यंत जोड आहे का, हे पाहतो.

आजींचे पैसे मी त्याच दिवशी परत केले. उरलेल्या तीनपैकी दोघांतही कापलेले पाय सापडले. व्यापारी म्हणाला, "माल चालू दाखवूनच दिला होता." माझ्याकडे त्याचे बिल नव्हते.