करंज की कर्दळ, दोन्ही लावून बघितल्यावर

सावली हवी असेल तर करंजच, पण धीर लागतो, सुरुवातीची काही वर्षं नुसती काठी दिसते आणि मग एकदा पसरला की खाली बसल्यावर काय गारवा वाटतो! मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात, म्हणून हलक्या जमिनीतही तग धरतो. पानांवर बारीक फोड येतात ते कोळीकिडीचे, घाबरू नका. कर्दळ मात्र कंद लावला की त्याच सीझनला फुलते, आणि नवं पान सुरळीतून उलगडतं ना, ते मी रोज सकाळी बघायला जाते, पण कधीकधी अळी तीच सुरळी चिकटवून आत बसते तेव्हा पानं चेक करत राहा. करंजाच्या अगदी बुंध्याशी लावली तर फुलं कमी येतात, कडेला ऊन मिळेल तिथे लावा.