एटीपीऐवजी काय घालावे: पीएनपी, पीसीपी की धातूंची फ्लोराइडे?

एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा, तीन फॉस्फेटांचा रेणू) फोडणाऱ्या प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी पाहायची तर त्याचा क्रिस्टल लागतो. तो वाढायला दिवस लागतात, आणि तोवर ड्रॉपमधल्या, म्हणजे क्रिस्टल वाढतो त्या थेंबातल्या, एटीपीचे एडीपी (दोनच फॉस्फेट उरलेले रूप) होऊन गेलेले असते. म्हणून न फुटणारा पर्याय हवा. पण कुठली अवस्था पकडायची, एटीपी बसल्यानंतरची की फुटतानाची, हे आधी ठरवा.

एटीपी बसलेली अवस्था हवी तर मी एएमपी-पीएनपीपासून सुरुवात करीन. बीटा आणि गॅमा (दुसऱ्या आणि शेवटच्या फॉस्फेटातल्या) फॉस्फरसमधल्या ऑक्सिजनच्या जागी यात एनएच असतो, आणि कोन जवळपास एटीपीइतकाच राहतो. केंब्रिजमध्ये जॉन वॉकर यांच्या गटाने १९९४ साली गाईच्या एफ१-एटीपेझची (एटीपी बनवणाऱ्या एन्झाइमच्या एका भागाची) रचना सोडवली, तेव्हा त्या प्रथिनाच्या तीन बीटा साखळ्यांपैकी एकीत हेच बसले होते, दुसरीत एडीपी होते आणि तिसरी रिकामी होती. मात्र आम्लधर्मी पीएचला ते तुटते, आणि काही कायनेझ (एटीपीचा फॉस्फेट दुसऱ्या रेणूवर चढवणारी एन्झाइमे) ते सावकाश का होईना, फोडतातच. प्रोटीन कायनेझ ए तर क्रिस्टलमध्येसुद्धा त्याचा गॅमा फॉस्फेट पेप्टाइडवर चढवते. त्यामुळे क्ष-किरणांवरून काढलेल्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशात गॅमा फॉस्फेटची घनता खरोखर दिसते का, हे तपासल्याशिवाय मॉडेलमध्ये तो ठेवू नका.

एएमपी-पीसीपीत मध्ये सीएच२ असतो. तो बंध एन्झाइमला तुटत नाही, आम्लातही टिकतो. पण कोन सुमारे १० अंशांनी लहान, बंध लांब, आणि पकड बरेचदा सैल. म्हणून जास्त मात्रा लागते. २००४ मधल्या कॅल्शियम पंपाच्या रचनांत याच रेणूने काम केले.

एटीपी-गॅमा-एस (गॅमा फॉस्फेटवर एका ऑक्सिजनऐवजी गंधक असलेले एटीपी) क्रिस्टलसाठी शेवटी ठेवा: ते हळूहळू फुटते, आणि विकतच्या मालात एडीपीची भेसळ असते.

फुटण्याचा क्षण हवा असेल तर एडीपीसोबत गॅमा फॉस्फेटची नक्कल करणारे अॅल्युमिनियम फ्लोराइड किंवा व्हॅनेडेट (व्हॅनेडियमचे संयुग) घाला. बेरिलियम फ्लोराइड मात्र फुटण्याआधीच्या अवस्थेजवळ जाते. अॅल्युमिनियमला पीएच सांभाळावा लागतो, कारण तो वाढला की चारऐवजी तीन फ्लोराइडचे रूप बसू शकते. बेरिलियम विषारी आहे. पावडर उघड्यावर तोलू नका. ड्रॉपमध्ये कॅल्शियम असेल तर फ्लोराइडचा साका बसतो.

निवड कुठलीही असो, अमोनियम सल्फेटच्या ड्रॉपमध्ये सल्फेट फॉस्फेटच्या खाचेत घुसू शकतो आणि सायट्रेट एटीपीसोबत लागणारे मॅग्नेशियम पळवतो. अशा वेळी या क्षारांऐवजी पीईजीने (पॉलिएथिलीन ग्लायकॉलने) क्रिस्टल वाढेल अशी परिस्थिती शोधा.