इन्कमवाले ईटीएफ रिटायरमेंटसाठी वापरून बघितले: काय ठेवलं, काय काढलं

आधीच सरळ सांगून टाकते, म्हणजे ज्यांना एवढं लांबलचक वाचायचं नाही त्यांची सुटका. आपल्याकडच्या ईटीएफमधून (शेअरसारखे एक्सचेंजवर घेता-विकता येणारे फंड) दर महिन्याला पेन्शनसारखे पैसे खात्यात पडतील असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. पडत नाहीत, आणि जिथे पडतात तिथे ते नेमके कुठून येतायत हे बघितलं की घ्यायची इच्छा उरत नाही. तरी मी ईटीएफ ठेवलेत, आणि बऱ्यापैकी रक्कम ठेवलीय, फक्त त्यांच्याकडून मागते ते वेगळं.

थोडी पार्श्वभूमी. आम्ही ऐरोलीला राहतो, मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला होते, त्यामुळे आकडेमोडीची सवय आहे आणि कोणी टक्के सांगितले की आधी कशाचे टक्के हे विचारायची खोडही आहे. प्रायव्हेट नोकरी, म्हणजे पेन्शन काय तर पीएफबरोबर मिळते ती ईपीएस ९५ ची, ती किती येते ते ज्यांना येते त्यांना माहीतच आहे, त्यात आमचं सोसायटीचं मेंटेनन्स आणि लाइट बिल निघतं. पहिलं काम केलं ते सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीमचं, माझ्या नावावर ३० लाखांची लिमिट पूर्ण भरली, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात, पाच वर्षं दर बदलत नाही. याच्यापुढे कुठलाही ईटीएफ उभा राहत नाही हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. ज्यांची ही लिमिट रिकामी आहे त्यांनी ईटीएफचं बघायचंच कशाला? प्रश्न उरतो लिमिटच्या वरच्या पैशाचा. बँकेत एफडी करायची तर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) फेब्रुवारीपासून कमी करत करत डिसेंबरला ५.२५ वर आणला, एफडीचे दरही खाली आले, म्हणून मग हे सगळं शोधणं सुरू झालं.

पहिला नंबर डिव्हिडंडवाल्यांचा. नावात डिव्हिडंड असलेला इंडेक्स आहे, निफ्टी डिव्हिडंड अपॉर्च्युनिटीज ५०, त्याच्यावर ईटीएफ आहे, लोक नाव बघून घेतात. पण इंडेक्समधल्या कंपन्या डिव्हिडंड देतात म्हणजे ईटीएफ तुम्हाला देतो असं नाही, कंपन्यांचा पैसा फंडात येतो आणि एनएव्हीत, म्हणजे एका युनिटच्या मूल्यात, मिसळतो. वाटायचा की नाही, कधी आणि किती ते फंड हाऊस ठरवणार. आणि वाटला तरी तेवढीच एनएव्ही खाली येते. सेबीने एप्रिल २०२१ पासून म्युच्युअल फंडांच्या डिव्हिडंड ऑप्शनचं नावच बदलून आयडीसीडब्ल्यू (इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल) केलं, त्यात भांडवल काढून घेणं हा शब्द सरळ घातलाय, तेव्हा लपवाछपवी काही नाही. वर २०२० पासून हा डिव्हिडंड तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबने टॅक्स. म्हणजे आपलेच पैसे आपल्याला परत आणि त्यावर टॅक्स भरायचा, हा व्यवहार माझ्या अकाउंट्सच्या डोक्याला काही केल्या पटला नाही. निफ्टी ५० चं डिव्हिडंड यील्ड सव्वा टक्क्याच्या आसपास असतं, हाय डिव्हिडंडवाल्यांचं त्याच्या वर, पण तेवढ्यावर घर चालत नाही हो.

सीपीएसई ईटीएफचं थोडं वेगळं. २०१४ पासून आहे, त्यात एनटीपीसी, पॉवर ग्रिड, कोल इंडिया, ओएनजीसी असल्या सरकारी कंपन्या. ह्या डिव्हिडंड चांगला देतात कारण द्यावाच लागतो, सरकारचा नियमच आहे, नफ्याच्या किमान ३० टक्के किंवा नेटवर्थच्या ४ टक्के, जे जास्त असेल ते. हे ऐकून आमच्या बिल्डिंगमधले एक काका म्हणाले सगळे पैसे ह्यातच टाका, सरकारी आहे, बुडत नाही. बुडत नाही बरोबर, पण सप्टेंबर २०२४ नंतर बाजार पडला तेव्हा सरकारी शेअर निफ्टीपेक्षा जास्त पडले होते, आणि मोजक्याच कंपन्या, त्यातही वीज, कोळसा, तेल ह्यांचाच भरणा. मी थोडे ठेवलेत, एकूण पैशाच्या पाच टक्क्यांच्या आत. कमी झाले तर झोप जाणार नाही इतकेच.

मला खरोखर आवडला तो प्रकार भारत बाँड ईटीएफचा, पण तोही इन्कम देत नाही हे आधीच सांगते नाहीतर मला शिव्या घालाल. डिसेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा आला, ट्रिपल ए रेटिंगचे सरकारी कंपन्यांचे बाँड, मुदतीची तारीख ठरलेली, २०३०, २०३१, २०३२, २०३३ असे वेगवेगळे आहेत, खर्च जवळपास शून्य. बाँडचं व्याज आतच पुन्हा गुंतवलं जातं, तुम्हाला हातात मिळतं ते मुदत संपल्यावर. रिटायरमेंटला हे बरं पडतं कारण सीनियर सिटिझन स्कीमची पाच वर्षं संपतात त्याच सुमाराला एखादं मुदतीला येईल असं बसवता येतं, वाढीव महागाईला तेव्हा एकरकमी टेकू मिळतो. टॅक्सचं मात्र आता काही कौतुक राहिलेलं नाही, १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षं ठेवला तरी स्लॅबनेच, एफडीसारखाच. फरक एवढाच की एफडीच्या व्याजावर दरवर्षी टॅक्स, इथे विकाल किंवा मुदत संपेल तेव्हा. पुढे उत्पन्न कमी होणार असेल तर हा फरक छोटा नाही.

आता खरी कटकट, जी कुठल्याच रील्समध्ये कोणी दाखवत नाही. ईटीएफ म्हणजे विकायला समोर घेणारा लागतो. २५ कोटींच्या खालचं रिडेम्प्शन थेट फंड हाऊसकडे होत नाही, म्हणजे आपल्यासारख्यांना एक्सचेंजच. मागे घराच्या वॉटरप्रूफिंगसाठी पैसे हवे होते म्हणून सरकारी रोख्यांचा एक ईटीएफ विकायला बसले (नाव घेत नाही), आयएनएव्ही (युनिटचं त्या क्षणाचं अंदाजे मूल्य) दाखवत होता २६ रुपये २० पैसे, आणि सर्वात वरचा घेणारा २५ रुपये ९० पैशाला, तोही थोड्याच युनिटांचा, त्याच्याखाली थेट २५ रुपये ६०. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या दराला विका) टाकली असती तर टक्काभर तिथेच गेला असता, टक्का म्हणजे ह्या असल्या ईटीएफचं दोन महिन्यांचं व्याज झालं! मी २६ रुपये १५ पैशाची लिमिट ऑर्डर (ह्याच्या खाली विकू नका) लावून स्वयंपाकाला लागले, साडेबाराच्या सुमाराला थोडी गेली, उरलेली दुसऱ्या दिवशी. म्हणून आता घ्यायच्या आधीच दोन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी ऑर्डर बुक उघडून बघते, दोन्ही बाजूला माणसं उभी आहेत का, दरात फट किती. बाजार उघडल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं आणि शेवटचा अर्धा तास सोडून द्यायचा. एक्सपेन्स रेशो (फंडाचा वर्षाचा खर्च) ०.०५ टक्के की ०.१० ह्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि ही फट कोणी बघत नाही. निफ्टी बीजसारख्या जुन्या, भरपूर उलाढालीच्या ईटीएफमध्ये हा त्रास नाही, तिथे फट पैशांत असते.

लिक्विड ईटीएफ (थोड्या काळासाठी रोकड ठेवायचे) दोन तऱ्हेचे असतात, एकात किंमत हजारावर स्थिर आणि रोजचा डिव्हिडंड युनिटांच्या रूपात जमा, दुसऱ्यात किंमतच हळूहळू वाढते. पहिल्या प्रकारात डीमॅटमध्ये पूर्णांकाच्या मागे दशांशाचं शेपूट वाढत जातं आणि ते एक्सचेंजवर विकता येत नाही, शिवाय तो डिव्हिडंड त्या त्या वर्षी उत्पन्नात मोजायचा. दुसऱ्यात विकाल तेव्हाच हिशोब. मी दुसरा घेतला, वर्षभराच्या खर्चाला व्याजातून जेवढं कमी पडतं तेवढं त्यात.

मुलगा न्यू जर्सीला आहे, तो फोनवर म्हणाला आई तिकडे कशाला डोकं लावतेस, इकडे जेपी नावाचा ईटीएफ आहे, जेपी मॉर्गनचा इक्विटी प्रीमियम इन्कम, दर महिन्याला पैसे देतो. देतो, खोटं नाही. शेअर ठेवतात, वर इंडेक्सवरचे कॉल (ठरल्या पातळीच्या वरची वाढ घ्यायचा हक्क) विकून प्रीमियम मिळवतात आणि तो वाटतात. पण कॉल विकला म्हणजे वरची तेजी दुसऱ्याला दिली. २०२३ मध्ये एस अँड पी ५०० डिव्हिडंड धरून २६ टक्के वाढला तेव्हा हा दहाच्या आसपास. ह्याच जातीचा जुना क्यूवायएलडी २०१३ साली पंचवीस डॉलरच्या आसपास सुरू झाला होता, २०२५ मध्ये सतराच्या घरात, दर महिन्याचे पैसे घेत बसलेल्याचं भांडवल असं झिजलं. बरं, आपण इथे बसून घ्यायचं तर डिव्हिडंडवर तिकडे २५ टक्के कापणार, त्याचं क्रेडिट घ्यायला वेगळा फॉर्म, रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए, वर्षाला १० लाखांच्या वर पाठवले तर २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा टॅक्स) आधी भरा आणि मग परत मागा, आणि ६० हजार डॉलरच्या वर तिकडची मालमत्ता असताना माणूस गेला तर अमेरिकेचा इस्टेट टॅक्स. मुलाला म्हटलं तू घे बाबा, तुला ठीक आहे, तू तिथला.

नियमित पैसे हवेतच तर माझ्या अनुभवात ईटीएफपेक्षा रीट (ऑफिसं, मॉल ह्यांचं भाडं वाटणारे ट्रस्ट) बरे निघाले. कॅश फ्लोच्या ९० टक्के वाटणं त्यांना बंधनकारक, येतातही तिमाहीला, आणि २०२१ पासून एक युनिटही घेता येतं. माइंडस्पेसच्या रीटमध्ये ऐरोलीचे दोन्ही पार्क आहेत, नेक्ससमध्ये सीवूड्सचा मॉल. सकाळी ऐरोली स्टेशनबाहेर आयडी कार्डवाली गर्दी बघून आमचे हे म्हणतात, बघ, तुझे भाडेकरू चालले. एक डोकेदुखी आहे, आलेल्या रकमेत थोडं व्याज, थोडा डिव्हिडंड, थोडी कर्जाची परतफेड, प्रत्येकाचा टॅक्स वेगळा, परतफेडीचा भाग तर तुमच्या खरेदी किमतीतूनच वजा होतो. ह्या वाटणीचा तपशील देणारा फॉर्म येतो, तो ईमेलमधून शोधून जपून ठेवा, नाहीतर जुलैत सीए तुमच्यावर ओरडेल. आणि युनिटची किंमत शेअरसारखीच वरखाली होते, हे एफडी नव्हे.

मग मी पैसे काढते कसे? निफ्टीचा ईटीएफ वर्षातून दोनदा थोडा विकते, लाँग टर्म नफा सव्वा लाखाच्या आत राहील इतकाच, त्यावर टॅक्स शून्य, वर गेला तर साडेबारा टक्के. नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात घ्या की ती सवलत शेअरच्या नफ्याला लागत नाही, तो वेगळा मोजतात. विकलं की दरवेळी डीपी चार्ज (डीमॅटचं शुल्क) लागतो म्हणून दर महिन्याला चिंधी चिंधी विकत नाही.

पण हे सगळं मी बसते म्हणून चालतं. ईटीएफला एसडब्ल्यूपी (ठरलेली रक्कम दर महिन्याला आपोआप काढून देणारी सोय) नसतो, दरवेळी ॲप उघडा, विक्रीच्या मंजुरीचा टीपिन टाका, ओटीपी आला की टाका, लिमिट लावा. एकदा मुद्दाम ह्यांच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, समजा मी नाही, पाच युनिटं विकून दाखवा. टीपिनपर्यंत पोचेस्तोवर सेशन संपलं, मग पासवर्ड, मग चष्मा कुठाय! त्या ब्रोकरच्या ॲपचं मराठी तर असं आहे की इंग्रजीच बरं. त्यानंतर ठरवलं, ह्यांच्या नावावरचा इक्विटीचा भाग साध्या निफ्टी इंडेक्स फंडात, डीमॅटशिवाय, महिन्याच्या पाच तारखेला एसडब्ल्यूपी. खर्च ईटीएफपेक्षा किंचित जास्त, चालेल. माझ्या डीमॅटला ह्यांचं नॉमिनेशन आहे, पण नॉमिनेशन असणं आणि विकता येणं ह्यात बराच फरक आहे, म्हणून भारत बाँड २०३० तसाच ठेवलाय, तो मुदतीला आपोआप बँकेत जमा होईल, कोणाला काही बटण दाबायला नको. २०३३ वाला घ्यायचा विचार होता तो सध्या बाजूला, त्याऐवजी ह्यांच्या नावाने सीनियर सिटिझन स्कीमची उरलेली लिमिट आधी भरतोय, एक एफडी मोडत नाही तोवर थांबलोय एवढंच.