‘एआय’ म्हणून विकलेला कॅमेरा, आणि डेमोतली मेख

‘एआय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या घरगुती सुरक्षा कॅमेऱ्याचा डेमो नेहमी भर दिवसा होतो. विक्रेता स्वतः कॅमेऱ्यासमोरून चालत जातो, मोबाइल वाजतो, पडद्यावर त्याच्याभोवती चौकट उमटते आणि ‘माणूस आढळला’ अशी सूचना येते. घरमालकाची खात्री पटते, पैसे दिले जातात. घात होतो तो इथेच. त्या वेळी कॅमेऱ्यासमोर हलणारी गोष्ट एकच होती आणि ती माणूस होती. हललेल्या प्रत्येक गोष्टीला ‘माणूस’ म्हणणारा कॅमेराही या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो.

अशा कित्येक कॅमेऱ्यांत मशीन लर्निंग, म्हणजे असंख्य चित्रांवरून माणूस ओळखायला शिकलेले सॉफ्टवेअर (मॉडेल), नसतेच. आधीची फ्रेम (चित्रणातले एक चित्र) आणि आताची फ्रेम ताडून पाहायची, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पिक्सेल (चित्राचे ठिपके) बदलले की अलर्ट पाठवायचा, एवढेच काम चालते. बदललेल्या भागाभोवती चौकट काढली की तेच हुशार वाटते. पहिल्याच रात्री पितळ उघडे पडते. कॅमेऱ्याजवळ किडे येतात आणि त्याच्या इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या) उजेडात भिंगाजवळून उडणारा किडा मोठ्या पांढऱ्या पट्ट्यासारखा दिसतो. कोळी तिथेच जाळे विणतो, वाऱ्याने ते हलते. गाडीच्या दिव्यांचा झोत भिंतीवरून सरकतो. प्रत्येक वेळी मोबाइल वाजतो.

म्हणून पैसे देण्याआधी माणूस नसलेल्या गोष्टी हलवून बघा. लांब काठीला टॉवेल बांधून, स्वतः आडोशाला राहून, तो कॅमेऱ्यासमोर हलवा. अंधारात भिंतीवर टॉर्चचा झोत फिरवा. दहापैकी सात-आठ वेळा ‘माणूस’ असा अलर्ट आला, तर आत माणूस ओळखणारे मॉडेल नाही, किंवा असून नसल्यासारखे आहे. काही जण ‘स्थिर उभे राहा, चौकट नाहीशी झाली तर कॅमेरा खोटा’ अशी चाचणी सुचवतात. ती खात्रीची नाही. वीज वाचवण्यासाठी अस्सल कॅमेरेही आधी हालचाल टिपतात आणि मगच मॉडेल चालवतात.

तक्रार केल्यावर जे होते, ते सर्वांत धोक्याचे. इन्स्टॉलर येतो, सेटिंगमध्ये जातो आणि पाच मिनिटांत खोटे अलर्ट बंद करून दाखवतो. घरच्यांना हायसे वाटते. प्रत्यक्षात त्याने संवेदनशीलता खाली आणलेली असते. कॅमेऱ्यात खरे मॉडेल असेल, तर ‘माणूस आहे’ असे म्हणण्यासाठी लागणारी खात्री समजा ०.५ वरून ०.९ वर (१ म्हणजे पूर्ण खात्री) नेलेली असते. किडे गप्प होतात, पण त्यांच्याबरोबर वाकून, भिंतीला चिकटून किंवा अंगावर चादर घेऊन येणारा माणूसही गाळला जातो. रात्रीचे चित्र कृष्णधवल आणि कमी तपशिलाचे असते, त्यामुळे मॉडेलची खात्री तेव्हा मुळातच कमी भरते. असा कॅमेरा शांत असतो, आणि ती शांतता सुरक्षितता समजली जाते. सेटिंग बदलल्यावर त्याच रात्री, दिवे बंद करून, वाकून आणि डोके झाकून त्या वाटेने चालून बघितल्याशिवाय इन्स्टॉलरला जाऊ देऊ नका.

चेहरा ओळखण्याचा दावा तर साध्या गणिताने तपासता येतो. सुरक्षा कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे ओळखीचा माणूस आहे हे कळायला दृश्याच्या रुंदीत मीटरमागे १२५ पिक्सेल लागतात, अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. भिंग १०० अंशांचे असेल, तर ३ मीटरवर सुमारे ७ मीटर रुंदीचा भाग दिसतो, म्हणजे मीटरमागे २६८ पिक्सेल. १० मीटरवर तीच रुंदी जवळजवळ २४ मीटर होते आणि हाती ८० पिक्सेल उरतात. तेवढ्यावरून दूरच्या फाटकाशी उभा कोण, हे कोणतेही सॉफ्टवेअर भरवशाने सांगू शकत नाही. खोक्यावर ‘४के’ (सुमारे ८ मेगापिक्सेल) लिहिले असले तरी सेन्सर किती मेगापिक्सेलचा आहे ते विचारा. लहान सेन्सरचे चित्र ताणून मोठे करण्याचा प्रकार सर्रास चालतो. शिवाय साध्या कॅमेऱ्याला घरच्या माणसाचा छापील फोटोही फसवू शकतो, म्हणून चेहऱ्यावरून कुलूप उघडण्याची सोय त्याला जोडू नका.

‘हा हळूहळू शिकतो, महिनाभर थांबा’ हे वाक्य ऐकले की सावध व्हा. घरगुती कॅमेऱ्यातले मॉडेल सहसा कारखान्यातूनच शिकून आलेले असते. सॉफ्टवेअर अपडेट होईपर्यंत त्यात फरक पडत नाही, आणि त्या महिन्यात परत करण्याची मुदत मात्र संपून जाते.

आणखी एक तपासणी दोन मिनिटांची आहे. राउटर चालू ठेवून त्याचे बाहेरचे इंटरनेट तोडा आणि कॅमेऱ्यासमोरून चाला. नंतर मेमरी कार्डवरची नोंद बघा. चित्रण आहे पण ‘माणूस’ अशी खूण नाही, तर ओळखण्याचे काम बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर होते. वर्गणी थांबली किंवा सर्व्हर बंद पडला की उरतो तो साधा कॅमेरा. ही गोष्ट विकताना सांगितली जात नाही.

कार्डाचेही गणित करा. २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) अखंड चित्रण केले तर दिवसाला २१.६ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचे कार्ड सहा दिवसही पुरत नाही. ‘महिन्याचे रेकॉर्डिंग’ म्हणणाऱ्याला बिटरेट, म्हणजे हाच सेकंदाचा आकडा, विचारा.

मूळ पासवर्ड इन्स्टॉलरसमोरच बदला आणि मुख्य खाते स्वतःच्या ईमेलवर उघडा. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातले पासवर्ड वापरूनच असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. खाते इन्स्टॉलरच्या नावावर राहिले, तर घरातले चित्र त्यालाही दिसते. शेवटचा हप्ता सात रात्रींच्या अलर्टची यादी हातात आल्यावर द्या, आणि त्या यादीतला प्रत्येक अलर्ट चित्रणाशी ताडून बघा.